टायरिकची भिंत

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची भिंत पुरी निळी झाली तशा पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि समोरच्या सलूनमधून रॉस्को न्हावी गिऱ्हाईक तसंच खुर्चीत सोडून रस्त्यावर आला.

“कुणाला विचारून रंगवलीत रे?”

पिवळ्या जॅकेटातली पाच-सहा स्वयंसेवक पोरं एकमेकांकडं बघू लागली. आठवडाभर ती पलीकडच्या शाळेत लहानग्यांना वाचायला शिकवायची आणि शनिवारी वस्तीत झाडलोट, रंगरंगोटी करायची. गुणी पोरं, त्यात वाद नाही. पण फिलाडेल्फियाच्या या भागात येऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता, आणि महिन्याभरात गल्ली थोडीच कळते! त्यांची म्होरकी कोरिन, एकोणीस वर्षांची. ती पुढं झाली.

“दुकानदाराला विचारलं होतं. भिंत त्याचीच आहे ना?”

“भिंत त्याची गं. आणि नाव कुणाचं होतं?”

कोरिननं वळून भिंतीकडं पाहिलं. सकाळी तिथं लाल स्प्रेनं लिहिलेली मोठाली अक्षरं होती. तसली अक्षरं शहरभर असतात, म्हणून तिनं ती नीट वाचलीही नव्हती. खाली पावसानं भिजून काळी पडलेली कापडी अस्वलं, मेणबत्त्यांच्या काचा, फुटके फुगे, रिकाम्या बाटल्या. सगळं त्यांनी काळ्या पिशव्यांत भरलं होतं आणि कचऱ्याची गाडी ते घेऊन गेलीसुद्धा.

“टायरिक,” रॉस्को म्हणाला. “याच कोपऱ्यावर पडला तो. भांडण भलत्यांचं, गोळी लागली याला. गल्लीनं मिळून नाव लिहिलं होतं, त्याच्या आठवणीला अस्वलं, मेणबत्त्या ठेवल्या होत्या, आणि तुम्ही ती अस्वलं कचऱ्यात घातलीत. शाबास! आता त्याची आजी येईल ब्रेड न्यायला. तिला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.”

कोरिननं हातातला रोलर खाली ठेवला.

टायरिकची आजी, मिस ओडेसा, आल्याच तेवढ्यात. हातात पिशवी, पायात सुजेमुळं सैल केलेले बूट. दारांसमोरच्या पायऱ्यांवर बसलेल्या बायका माना वळवून बघू लागल्या. मिस ओडेसा भिंतीसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि कितीतरी वेळ बघतच राहिल्या.

“मिस ओडेसा, चूक झाली आमची,” कोरिन रडकुंडीला आली होती. “आम्हाला खरंच माहीत नव्हतं हो.”

मिस ओडेसांनी एक बोट रंगाला लावून पाहिलं आणि मोठा सुस्कारा सोडला. राग दिसेना त्यांच्या तोंडावर. उलट, दिवसभराचे बूट काढल्यावर माणूस जरा सैलावतं, तशा त्या सैलावल्या होत्या.

“अगं, ते बघ!” मागून एक पोरगी ओरडली.

रंग वाळत होता आणि निळ्यातून लाल वर येत होतं. आधी एक अक्षर, मग दुसरं. बघता बघता अख्खं नाव भिंतीवर उभं राहिलं. पायऱ्यांवरची एक बाई छातीवर क्रुसाची खूण करून पुटपुटली, “लहानपणापासून तसलाच तो. कुणाचं ऐकेल तर शपथ.”

कोरिनचा मात्र जीव भांड्यात पडला. “रंगाखाली प्रायमरचं अस्तर दिलं नव्हतं ना आम्ही, म्हणून! मिस ओडेसा, नाव गेलेलं नाही! आम्ही छान गिरवून देतो परत.”

“नको,” मिस ओडेसा म्हणाल्या. “अजून एक हात मार, पोरी. जाड मार.”

“अहो मिस ओडेसा,” रॉस्को पुढं आला, “सगळ्या गल्लीनं प्रेमानं…”

“गल्लीनं! लिहिताना मला विचारलं होतंस का रे? या पोरांना नावं ठेवतोस, तू तरी विचारलंस? माझं पोर जिथं कोसळलं तिथंच उभं करून ठेवलंत तुम्ही. थंडीत, पावसात. त्याच्या वाढदिवसाला इथं जमून त्याच्या नावानं दारूच्या बाटल्या जमिनीवर ओतता, आणि मी घरी त्याची खोली आवरून बसते. एकदा तरी येईल, स्वप्नात तरी येईल म्हणून. नाही येत. येईल कसा? तुम्ही सोडाल तेव्हा ना!”

रॉस्कोची मान खाली गेली. त्यानं एका पोराच्या हातातला रोलर घेतला आणि डब्यात बुडवला.

दुसरा हात झाला. वाळला, आणि नाव वर आलं. तिसरा झाला, तरी आलं. कोरिननं डब्यांचे तळ खरवडून शेवटचा रंग अक्षरांवर थापला. वाऱ्यानं रंग सुकत होता आणि सगळे जण भिंतीकडं बघत होते.

तिन्हीसांज झाली. रस्त्यावरचे दिवे लागले. त्या उजेडात नाव पुसट, पण सरळ वाचता येत होतं.

“उद्या प्रायमर आणते मी,” कोरिन हुंदके देत म्हणाली. “नक्की आणते.”

“आण हो. आता निघा.” मिस ओडेसांनी तिच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून दिली. “या गल्लीत दिवे लागले की पोरांनी घरी जायचं असतं. आमच्या आया हेच सांगायच्या, आम्हीही हेच सांगितलं. जा.”

पोरं डबे उचलून निघाली. रॉस्कोही सलूनमध्ये गेला. मिस ओडेसा भिंतीजवळ सरकल्या आणि ओल्या रंगावर तळवा ठेवला.

“तू पण, टायरिक,” त्या दरडावून म्हणाल्या. “ऐकू येत नाही का? दिवे लागलेत. चल घरी, जेवण निवतंय.”