लोकसहभाग

साहेब, मुलींच्या संडासाला कुलूप तुमच्यामुळे लागलं आहे. "सरकारकडे पैसा नाही, लोकसहभागातून बांधा," हे तुम्हीच म्हणालात. म्हणून महाल वस्तीतल्या आम्ही आयांनी शाळेच्या फाटकावर तर्री-पोहे विकले आणि संडास बांधला. तुम्ही येऊन फीत कापली, फुकटात दोन प्लेटा हाणल्या आणि पाटीवर स्वतःचं नाव लावून गेलात.

दुसऱ्या दिवशी माझी गुंजन चावी मागायला गेली. हेडमास्तर म्हणाले, "वापरला तर खराब होईल ना वं पोरी! साहेब पाहणीले पुन्हा येऊन राहिले."

तेव्हापासून ती शाळेत पाणीच पीत नव्हती. आज उन्हानं राहवलं नाही, प्यायली.

साहेब, पाहणीले कधी येता? पोरीले जोराची लागली हाये.