प्रोफेंची टोपी

"दोन फेऱ्या उरल्या की मी टोपी काढेन, तेव्हा सुटायचं, तोवर दमानं," प्रशिक्षक एवारिस्तोंनी, म्हणजे आमच्या प्रोफेंनी, माझ्या नवऱ्याला बजावलं होतं. तोलुकाच्या मैदानावरच्या या शर्यतीत पहिला येणाराच मेक्सिकोच्या संघात जाणार होता. सहा फेऱ्या उरलेल्या असताना माझ्या कडेवरच्या लेकीनं कठड्याशी शेजारी उभ्या प्रोफेंची गवती टोपी ओढून काढली. समोरून येणाऱ्या नवऱ्यानं त्यांचं टक्कल पाहिलं आणि तो सुसाट सुटला. "प्रोफे, घाला ना ती परत, कोसळेल तो," मी म्हणाले. ते तिच्या मुठीतून टोपी सोडवून डोक्यापर्यंत नेता नेता थांबले. "वीस वर्षं असाच जपून धावलो, पोरी. दर वेळी दुसरा आलो." नवरा पुन्हा समोर आला, धापा टाकत त्यांच्या डोक्याकडे बघत. त्यांनी टोपी लेकीच्या डोक्यावर घातली. ती तिच्या नाकापर्यंत आली. मग ते कठड्यावर वाकले. "बघतोस काय? पळ."