चालेलसाहेब

मुलाखतीला आधी आलेल्या चौघांनी नुसतीच तोंडाची वाफ दवडली होती. रुग्णालयांसाठी खाटा बनवणाऱ्या त्या लहानशा कंपनीला सीईओ हवा होता, आणि पाचवी आलेली ही बाई मात्र सुपरवायझरला सोबत घेऊन आधी सगळं वर्कशॉप पायाखाली घालून आली होती.

टेबलापलीकडे दोघे भाऊ बसले होते. थोरला मालक. "हा माझा धाकटा भाऊ," एवढीच त्याने ओळख करून दिली. उत्पादनाचं सगळं तोच बघतो, हे सांगायचं राहून गेलं. सकाळी धाकटा माल पोचवायला बाहेर गेला होता, त्यामुळे खाली वर्कशॉपमध्येही त्याची आणि बाईची गाठ पडली नव्हती.

बाई मुद्द्याचं बोलत होती. थोरल्याचा चेहरा हळूहळू खुलत गेला. धाकट्यालाही ती आवडली असावी, खुर्ची पुढे ओढून त्याने विचारलं, "आल्यावर पहिलं काय बदलाल?"

"स्पष्ट बोलू?"

"बोला की. त्यासाठीच बोलावलंय."

"उत्पादनाचे प्रमुख. माणूस लाखातला असणार, कामगार जीव टाकतात त्यांच्यावर. पण त्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. जोडाला चीर असो, चाक अडकत असो, ते आपले 'चालेल' म्हणतात. खाली सगळे त्यांना चालेलसाहेबच म्हणतात. खाटा परत येतात त्या त्यामुळेच."

"पाणी घ्या ना," थोरला घाईघाईने म्हणाला.

धाकटा हसला. "अजून काही?"

"नाही. बाकी सगळं सुधारता येईल."

ती गेल्यावर थोरल्याने दार लावून घेतलं.

"तू कोण ते तिला माहीत नव्हतं रे," थोरला म्हणाला.

"म्हणून तर खरं बोलली. हिलाच घे, दादा." मग जरा थांबून त्याने विचारलं, "मला असं म्हणतात, ते तुला ठाऊक होतं?"

थोरल्याने उठून खिडकीचा पडदा उगाचच सारखा केला.

धाकटा दारापर्यंत गेला आणि कडीवर हात ठेवून तिथेच उभा राहिला. तो कशासाठी थांबलाय, हे थोरल्याला कळत होतं. धीराचा एक शब्द पुरला असता.

"मग, पहिल्या तारखेपासून बोलवू तिला?" थोरला म्हणाला.

धाकट्याने मान डोलावली आणि तो जिना उतरला. खालून वेल्डरचा आवाज वर आला.

"साहेब, ह्या कोपऱ्याला जराशी फट राहिलीय. पाठवू का रंगाला?"

थोरला पडदा तसाच धरून ऐकत राहिला.

"मला नको विचारूस," धाकटा म्हणाला. "वर विचार."