गाभोळीचं आमिष

“सांगून कोणाला पटायचं नाही, पण थोरली माझ्या गळाला लागली आणि मी तिला सोडून दिली!” तात्या म्हणाले. थोरली म्हणजे तळ्यातली सगळ्यांत जुनी, सगळ्यांत मोठी माशाची मादी. तिला जो मारील त्याचा गळ पुन्हा या पाण्यात पडायचा नाही, असा तळ्याच्या राखणदाराचा दंडक होता. आणि गळ सुटला, तर तात्यांना दिवसभर घरात बसून बायकोचं ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

राखणदार न सांगताच स्वयंपाकघरात शिरला, तेव्हा तात्या आमिषासाठी गाभोळीला, म्हणजे माशाच्या पोटातल्या अंड्यांच्या पिशव्यांना, मीठ-साखर चोळत होते. परात झाकायला सवड मिळाली नाही, म्हणून त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला होता. “ही बाजारातली हो, किरकोळ. थोरली तर जाताना वळून बघत होती. डोळ्यांत पाणी!”

राखणदाराने परातीतली एक अख्खी पिशवी उचलून आपल्या हातावर पसरली. मनगटापासून कोपरापर्यंत भरली, तरी टोक खाली लोंबतच राहिलं.

“नक्की सोडलीत?”

“तुमच्या गळ्याची शपथ!”

“मग जाताना पोट इथंच विसरली का, तात्या?”