गोंडी आवाज

दवाखान्याची चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवणारं अ‍ॅप संघप्रियानं लिहून सर्वांसाठी खुलं केलं होतं. ते फार जड झालं, म्हणून तिनं त्यातला गोंडी आवाज वेगळ्या पॅकेजात हलवला. महिन्याभरानं एटापल्लीकडच्या आशा सेविका गोकुळाबाईंचा फोन आला.

"ताई, नव्या मोबाईलमंधी गोंडी काऊन बोलत नाई?"

"ती आता वेगळी उतरवून घ्यायची, बाई. जास्तीची सोय आहे ती."

"रेंजसाठी टेकडीवर चढून आली मी. खाली गावात एका म्हातारीनं आठवड्याच्या गोळ्या एकाच दिवशी खाल्ल्या. मोबाईलनं बरोबर सांगतलं होतं, पण मराठीत."

"कशी आहे ती?"

"बोलत नाई. गाडीची वाट पाहून राह्यलो. आमच्या गावात जास्तीची तं मराठी आहे, ताई."