गोदीतला शेंदूर

दासगावला आगबोटीतून उतरून दिवसभर चालत कोंडाजी कशेडीच्या पायथ्याच्या आपल्या वाडीत पोचला, तेव्हा पवळी गाय बहिरीदेवाच्या शिळेपुढं आडवी पडली होती. मागचा पाय भलत्याच बाजूला वळलेला. त्याची आई राहीबाई तिच्या तोंडाशी पेज धरून बसली होती.

“कशानं मोडला, आये?”

“कशानं नाय रे. पायरी उतरली नि काटकीवानी मोडला. शिमग्यात शिंग गेला, तो पन असाच. गोठ्याच्या मेढीला नुसता लागला.”

गाय म्हातारी नव्हती, दुसऱ्या वेताची होती. चरून आली की गोठ्यात शिरायच्या आधी ती शिळेवरचा शेंदूर चाटायची. राहीबाईला त्याचं केवढं अप्रूप! मुकं जनावर देवाला लागलंय म्हणून ती दर अमावास्येला नवा लेप द्यायची. शेंदूर लेकाचाच. कोंडाजी मुंबईच्या गोदीत बोटींच्या बुडाला गंज धरू नये म्हणून शेंदूर फासायचं काम करी आणि दर खेपेला डबाभर घरी आणी. आजही त्याच्या पेटीत एक डबा होता.

पवळीनं जीभ काढली. जीभ शेंदरी झाली होती.

कोंडाजीला मुकादम आठवला. भाकरीच्या सुट्टीत तो रोज ओरडायचा, “हाथ धोके खाओ रे! जहर है, हड्डी में बैठता है.” सगळे हसायचे. कोंडाजीही हसायचा. देवाचा शेंदूर कुठं जहर असतो?

चार वर्षं आपणच हे जहर घरी आणलं, हे आईला कुठल्या तोंडानं सांगायचं?

“आये, देवाला शेंदूर नको लावू.”

“गाय पडलीया नि देवाला उघडा ठेवू? मुंबईत जाऊन बाटलास का काय? काढ डबा.”

तो हलेना, तशी तिनंच पेटी उघडली. डबा हिसकायला तो पुढं झाला, पण हात मनगटातून खाली लोंबले. डबा तिच्याच हातात राहिला.

“हाताला काय झाला रे?”

“पंजा उचलत नाय. दिवाळीपासना.”

राहीबाईच्या डोळ्यांना धार लागली. “गाय पडली, आता लेकाचा हात. देवा, काय चुकला रे आमचा?”

तिनं शेंदूर तेलात कालवला. देवाला जाड लेप दिला. मग “नको, आये, नको” म्हणणाऱ्या कोंडाजीची दोन्ही मनगटं धरून त्यांवरही कोपरापर्यंत चोळला.

“गप ऱ्हा. त्यो बरा करील.”

ती दिवा आणायला घरात गेली. पवळीनं पडल्या पडल्या मान लांबवली आणि ती कोंडाजीचं मनगट चाटू लागली. तिचं तोंड बाजूला सारायला त्यानं दुसरा हात पुढं केला. तोही तिच्या जिभेखाली नुसता लोंबत राहिला.