फुगडीचा सराव

पुरात घरं गेलेल्यांसाठी डिचोलीत निवारा उघडला, तिथल्या एका खोलीवर समाजसेविका गौरवीनं पाटी लावली, ‘मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी मदत’. एकही बाई फिरकली नाही.

"घोवाच्या डोळ्यांदेखत त्या दारातून कोण शिरतली गो बाय?" निवाऱ्यातली मालती नळावर गौरवीच्या कानाशी पुटपुटली.

गौरवीनं पाटी बदलली, ‘चवथीच्या फुगडी स्पर्धेचा सराव’.

दुसऱ्या दिवशी मालतीला तिचा नवरा सदाशिव स्वतःच घेऊन आला. "हिचा हात सुजलाय, पण सराव चुकवू नका हां बाई. पयलो नंबर आमच्याच वाड्याक जाय!"

दुसऱ्या वाड्यातल्यांनी गाणी चोरू नयेत म्हणून त्यानंच दार ओढून घेतलं आणि बाहेर राखण करत बसला. आत बायकांनी फुगडीचा सूर टिपेला नेला, आणि त्या आवाजाआड मालती साडी नेसून सरावाला आलेल्या महिला पोलिसाला हात कुणी पिरगळला ते सांगू लागली.